मासे बघायला नेणाऱ्या थापेस

थापे,

तुला सप्रेम नाही आणि नमस्कारही नाही. पावसला तुला ओळखत नाही असं घर नाही. तू आलीस की कुणी दार लावत नाही, उलट तुला पुढे करून मोठी माणसं मागे उभी राहतात. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. वाडीतल्या सगळ्यांनी वाचावं.

आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या पोराचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. तारीख मिळाली, केसपेपर झाला, मुंबईहून काका रजा काढून आला, नारळ देवापुढे ठेवून झाला. घरातल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. ज्याचं पोट कापायचं त्याला तेवढं ठाऊक नव्हतं. त्याला सांगायला तू आलीस. "चल बाबू, रत्नागिरीला मासे बघायला जाऊ." झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा त्यानं एकदा पाहिला होता, तेव्हापासून तो त्याच्याच गोष्टी सांगायचा. त्यानं शिमग्यातला नवा शर्ट घातला. गोळप मागे पडलं, भाट्याचा पूल आला, खाडीतल्या होड्या बघून तो खूश होता. रिक्षा दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हाही तो आईला विचारत होता, "मासे आत आहेत?"

आई काही बोलली नाही. तिला बोलता येईल असं तू काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर चांगले, सिस्टर चांगल्या, टाके वेळेवर सुकले. पण घरी आल्यावर ते पोर रिक्षात बसेना. "शाळेत जाऊ" म्हटलं की विचारी, "खरंच शाळेत?" आजीकडे जाऊ म्हटलं तरी तेच. रात्री आईचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपेना. पोटावरची जखम डॉक्टरांनी शिवली. तू केलेली कोण शिवणार?

तुझं सोंग मायेचं असतं. "लहान आहे, त्याला काय सांगायचं? उगाच घाबरेल." मी पहिलीच्या वर्गाला शिकवत म्हातारी झाले, म्हणून ठामपणे सांगते, तू मुलाच्या मायेपोटी जन्मलेली नाहीस. रत्नागिरीपर्यंतचे वीसेक किलोमीटर पोरानं रडू नये, आपल्याला त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागू नयेत, आपलंच धैर्य उघडं पडू नये, एवढ्यासाठी मोठी माणसं तुला बोलावतात. तासाभराची शांतता आम्हाला मिळते आणि तिची किंमत मूल चुकवतं, तेही अशा वेळी, जेव्हा त्याला आपल्या माणसांवर भरवसा ठेवण्यावाचून दुसरं काही करता येत नाही.

आणि तुझं काम दवाखान्याच्या तारखेला सुरू होत नाही. ते किती आधीपासून चाललेलं असतं! जेवत नाही? "डॉक्टरांना सुई टोचायला लावीन." झोपत नाही? "सुईवाली बाई येईल." पूर्वी बागुलबुवा होता, त्याचा निदान पत्ता नव्हता. तू त्याच्या जागी गावातला दवाखाना बसवलास. मग त्याच मुलाला खरोखर दवाखान्यात नेलं की ते विचारतं, "मी काय केलं?" चार-पाच वर्षांचं मूल आजाराचा संबंध आपल्या खोडीशी लावतंच. गुपचूप आंबा खाल्ला, बहिणीला ढकललं, म्हणून पोटात दुखलं, असं त्याला मनापासून वाटतं. त्या वयात "तुझी काही चूक नाही" हे पहिलं वाक्य त्याच्या कानावर पडायला हवं. तिथे तू आधीच येऊन शिक्षेची गोष्ट सांगून गेलेली असतेस.

तुझी धाकटी रूपंही तुझ्याइतकीच वाईट. "मुंगी चावल्यासारखं होईल." मुंगी चावल्यासारखं होत नाही, हे मुलाला टोचल्याबरोबर कळतं, आणि मग असं सांगणाऱ्या बाईचं पुढचं एकही वाक्य ते खरं मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीच्या वेळच्या वेदनेविषयी आपली भूमिका प्रसिद्ध केली. मुलाला उगाच खोटा दिलासा देऊ नका, फक्त क्षणभरच दुखेल असंही म्हणू नका, असं तीत आरोग्य कर्मचाऱ्यांना बजावलं आहे. लहान मुलाला आडवं दाबून धरू नका, आईला ते मांडीवर धरून बसू द्या, हेही त्यात आहे. जगभरच्या सिस्टरना हे सांगावं लागलं, यावरून तुझा संचार किती दूरवर आहे ते दिसतं.

तू एखाद्याचा जीवही धोक्यात घालू शकतेस, हे मात्र घरातल्यांना पटवून द्यावं लागतं. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं ठेवायला सांगतात. साधारणपणे जड खाणं सहा तास बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास, आणि नेमकं किती ते भूलतज्ज्ञ सांगतील तसं. भुलेच्या झोपेत खोकण्याची, गिळण्याची जाग राहत नाही. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. मुलाला हे कारण सांगितलेलं नसतं. त्याला फक्त "आज बिस्किट नाही" एवढंच कळतं. मग ते आजीकडे जातं. आजीचा जीव तुटतो, ती पदराआड दोन बिस्किटं देते आणि वर तुलाच बोलावते, "कुणी विचारलं तर काही खाल्लं नाही म्हणायचं हं." ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टर विचारते, काही खाल्लंस का? ते पोर शिकवल्याप्रमाणे मान हलवतं. बरं नशीब की बऱ्याचदा कुणाच्या तरी तोंडून खरं निघतं आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. रागावतात सगळे डॉक्टरांवर. रागवायचं तुझ्यावर. पाच वर्षांच्या मुलाला "पोट रिकामं असलं की झोपेचं औषध नीट चालतं, उठलास की आधी पाणी, मग पेज" हे समजतं. वर ते स्वतःच आजीला दटावतं.

तुझ्या पापाचा पुरावा सातासमुद्रापलीकडेही आहे. जेम्स रॉबर्टसन नावाचे समाजसेवक लंडनमध्ये काम करत. दवाखान्यात ठेवलेल्या लहान मुलांची अवस्था ते डॉक्टरांना सांगत, आणि डॉक्टर म्हणत, मुलं दोन दिवस रडतात, मग रुळतात. तेव्हा तिकडच्या दवाखान्यांत आईबापांनाही ठरावीक वेळीच आत सोडत. रॉबर्टसन यांनी हातात कॅमेरा घेऊन एक मूकपट काढला, १९५२ साली. त्यातली लॉरा अडीच वर्षांचीही नव्हती, बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस दवाखान्यात होती. ती फार आकांत करत नाही. ती आवरून धरते, हळूहळू विझत जाते, आईकडे बघायचं टाळते. हा मूकपट पाहून सुरुवातीला कित्येक डॉक्टर संतापले. पण ज्याला सगळे रुळणं म्हणत होते ते मुलाचं हताश होणं आहे, हे रॉबर्टसन यांनी दाखवून दिलं. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला. आईबापांना मुलापाशी मोकळेपणानं येऊ द्या, लहान मुलाजवळ आईला राहू द्या, आणि मुलाची दवाखान्यात येण्याआधी तयारी करून घ्या, असं त्या अहवालानं सांगितलं.

हे मी तुला का ऐकवते आहे? कारण आमच्याकडे आईला वॉर्डाबाहेर काढायची पद्धत नव्हतीच. मुलाच्या कॉटवर पायाशी आई, खाली चटईवर आजी, दाराशी डबा घेऊन मामा. तिकडच्या मुलांना जे भांडून मिळवावं लागलं ते आमच्या मुलांना आपसूक मिळतं. लॉरा एकटी पडली कारण आई बाहेर होती. आमचं मूल आई उशाशी असताना एकटं पडतं, कारण जिच्यावर विसंबायचं तिच्याच तोंडून तू बोललेली असतेस. जवळ माणूस आहे, पण ते खरं बोलेल याची खात्री नाही. इतकं मोठं सुख आमच्या हातात असताना तू ते मातीत घालवतेस, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

भीतीचं काय, ती जाते विसरून, असंही तू म्हणवून घेतेस. अमेरिकेत झीव केन या भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या २४१ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मुलं ५ ते १२ वर्षांची होती. ऑपरेशनआधी जी जास्त घाबरलेली होती त्यांना नंतर जास्त दुखलं, घरी गेल्यावरही दुखलं, वेदनेचं औषध जास्त लागलं, झोप जास्त बिघडली. भीती अंगात उतरते आणि अंगालाच भोगावी लागते.

आता तुझ्या जागी काय यायला हवं ते सांगते. सगळं एकदम मुलाच्या डोक्यावर ओतायचं नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला महिनाभर आधी सांगून उपयोग नाही, त्याला एक-दोन दिवस आधी पुरे. चार ते सहाच्या मुलाला तीन-चार दिवस मिळावेत. मोठ्याला आठवडाभर आधी सांगावं, कारण त्याला प्रश्न सुचायला आणि रात्रीतून पुन्हा विचारायला वेळ लागतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला तर तारीख ठरवताना समोर बसवावं. तिचं शरीर, तिची परीक्षा, तिची पाळी, हे सगळं तिला मोजता येतं.

आणि शब्द साधे. "सुई टोचताना दुखेल. मी हात धरीन. रडलास तरी चालेल, फक्त हात हलवायचा नाही." यात काय कठीण आहे? रडायची परवानगी मिळालेलं मूल बऱ्याचदा कमी रडतं, हे मी शाळेत लस द्यायला आरोग्य केंद्राची माणसं येत तेव्हा दरवर्षी पाहिलं. "शूर मुलं रडत नाहीत" म्हटलं की ते आवंढा गिळून उभं राहतं आणि घरी जाऊन भावाला मारतं.

सलाईनची गोष्ट घे. हातावर ती रंगीत टोपीची व्हेनफ्लॉन लावतात, वर पांढरी चिकटपट्टी. मुलाला वाटतं सुई आतच आहे. मग ते तो हात लाकडासारखा ताठ धरून ठेवतं, कूस बदलत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. खरं असं आहे की सुईच्या आधारानं एक मऊ, वाकणारी नळी शिरेत सरकवतात आणि सुई लगेच बाहेर काढून टाकतात. आत राहते ती नळी. हे एवढं एक वाक्य मी वॉर्डात एका मुलीला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "सुई नाही ना?" मग हळूहळू बोटं सोडली आणि त्याच हातानं पेन मागितला. तिला आधी कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण तू सांगून गेली होतीस की हातावर फक्त पट्टी लावणार आहेत. टोचण्याआधी साधारण तासभर कातडीवर लावून ठेवायचं बधिर करणारं मलमही मिळतं. ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला आईबापांना सुचतं, जर टोचणार आहेत हे घरात उघड बोललं गेलं असेल तर.

भुलेचं सांगणं सगळ्यांत नाजूक. ज्या घरात नुकतेच आजोबा गेले आणि मुलाला सांगितलं की "आजोबा झोपलेत", तीही तूच होतीस. आता त्याच मुलाला "तुला झोपवणार" म्हटलं तर ते काय समजेल? त्याला नीट सांगावं लागतं. आजोबा वारले, ते झोपले नव्हते. ही झोप औषधाची आहे. रात्री झोपेत कुणी हलवलं तर तू जागा होतोस, या झोपेत होणार नाहीस, म्हणून तुला काही दुखणार नाही. एक डॉक्टर सगळा वेळ फक्त तुझ्याकडेच बघत असतील. काम झालं की ते औषध थांबवतील आणि तू उठशील. उठल्यावर पोटात दुखेल, तेव्हा सांगायचं, त्याचंही औषध आहे.

"मी इथेच आहे" हेही जपून म्हणावं. आई हे म्हणते, आणि मूल स्ट्रेचरवरून आत जातं तेव्हा दाराबाहेर राहते. आधी विचारून घ्यावं, कुठपर्यंत येऊ देतील, शुद्धीवर येताना जवळ थांबू देतील का. जे मिळणार तेवढंच कबूल करावं. "मी त्या निळ्या दारापर्यंत येणार, तू वॉर्डात परत येशील तेव्हा खाटेजवळ असेन." दवाखान्यांनाही माझं सांगणं आहे. भूल चढेपर्यंत शांत आईला मुलाजवळ राहू देता येत असेल तर द्या. ॲडमिट व्हायच्या आधी एका सिस्टरनं दहा मिनिटं मुलाला वॉर्ड दाखवावा, मास्क हातात द्यावा, तोंडाला लावून बघू द्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. घरी बाहुलीला पट्टी बांधणं, सुई काढलेली सिरिंज पाण्यानं भरून खेळणं, हीसुद्धा तयारीच. मूल बाहुलीला काय बोलतं ते कान देऊन ऐकावं. त्याला कशाची धास्ती आहे ते तिथे कळतं.

दूर जावं लागतं तेव्हा तर तुला मोकळं रान मिळतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्याच राज्यात, पालघरला. त्याची पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात, शाळेतली एकदा. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, अशी मुलं सापडतात आणि पुढच्या उपचारांना पाठवली जातात, कधी थेट मुंबईला. परळचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच उभं आहे. पण आमच्या खाडीकाठच्या मुलानं एवढी मोठी इमारत, लिफ्ट, रात्रभर जळणारे दिवे, मुखपट्टी लावलेली अनोळखी माणसं कधी पाहिलेली नसतात. त्याला तू सांगतेस, "मुंबईला आत्याकडे फिरायला." त्याऐवजी मोबाईलवर त्या इमारतीचा फोटो दाखवावा. किती दिवस राहायचं ते कॅलेंडरवर खुणेनं दाखवावं. कुठली गोधडी न्यायची ते त्यानं ठरवावं. आणि घरी राहणाऱ्या बहिणीलाही बसवून सांगावं, नाहीतर रात्रीतून नाहीसे झालेले आई आणि भाऊ ती गावभर शोधते.

"तातडीच्या वेळी कुठली तयारी?" असं तू आता म्हणशील. खरं आहे, पोर कलमावरून पडलं किंवा कातळावर फुरसं चावलं तर आठवडा मिळत नाही. गाडी पळवायची असते. तरी गाडीत एक वाक्य बोलता येतं. "आपण दवाखान्यात चाललोय, सलाईनमधून औषध देतील, मी सोबत आहे, तू पाय हलवू नको." आणि त्या एका वाक्यावर मुलानं विश्वास ठेवायला हवा असेल, तर आधीची वर्षं तुझ्याशिवाय गेलेली असावी लागतात. सरकारी वेळापत्रकात पाचव्या-सहाव्या वर्षी लस आहे, दहाव्या वर्षी आहे, सोळाव्या वर्षी आहे. प्रत्येक खेपेला खरं बोलायची संधी असते. "आज लस आहे, दुखेल, मग घरी येऊ." झालं.

एक गोष्ट मी मान्य करते. काही घरांत आईबापांना स्वतःलाच काही माहीत नसतं. डॉक्टर घाईत असतात, कागद इंग्रजीत असतात, विचारायची भीड वाटते. त्या आईवर मी रागावणार नाही. ती तुला बोलावते कारण तिच्या हाती दुसरं काही दिलेलंच नसतं. तिला माझं एवढंच सांगणं आहे की माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण दोघं डॉक्टरांना विचारू" म्हणावं. मुलाला हे चालतं. त्यातून त्याला कळतं की प्रश्न विचारायला बंदी नाही.

शेजारच्या त्या पोराच्या चुलत बहिणीचं आता टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं आहे. ती सात वर्षांची. या वेळी तिच्या आईनं तिला आठवडाभर आधी सांगितलं. पहिल्या दिवशी ती रडली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्या पडवीत आली आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. टॉन्सिल काढल्यावर ते कुठे टाकतात? मध्येच जाग आली तर? शू लागली तर कुणाला सांगायचं? आइसक्रीम देतात ते खरं की फसवतात? वर्गात माझ्या जागेवर कोण बसणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या बाईंकडून आणलं, बाकीचे डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळे वाचले आणि तिच्याकडे बघून एकेकाचं उत्तर दिलं. गिळताना पहिले काही दिवस दुखेल, हेही सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन त्या धाकट्या भावाला वाचून दाखवलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "मला असं सांगितलंच नव्हतं."

तू त्याला काय उत्तर देणार आहेस?

पावसची एक निवृत्त शिक्षिका